कुठली पिशवी

माझी मुलगी आता उभी कशी राहते, ते डोळ्यांसमोरून हलत नाही. पाय एकमेकांत आवळलेले, एक हात कामावरच्या धुलाईयंत्राच्या कडेवर; जणू खालून कोणी ओढतंय आणि ती जायला तयार नाही. माझी आई अशीच उभी राहायची. आईला जाऊन अकरा वर्षं झाली, तरी मुलीच्या पाठीकडे बघताना वाटतं, ही वळली तर चेहरा आईचा असेल.

लहानपणी एका जागी ठरत नसे, म्हणून घरात तिला भिंगरीच म्हणतात. आता चौतिशीची आहे, एका मोठ्या हॉटेलच्या धुलाईखान्यात मुकादम. यंत्रातून ओल्या चादरींचे पिळे काढायचे, ढकलगाडीत टाकायचे, की पुढचं यंत्र. ती म्हणते, ओली चादर झोपलेल्या पोरासारखी असते, सगळं अंग टाकून देते. हाताखाली चार बायका आहेत, तरी जड गठ्ठा हीच उचलणार. "सांगत बसण्यापेक्षा करून मोकळी होते."

सहा वर्षांपूर्वी माझी नात झाली, तेव्हा भिंगरी अडली होती. बाळ काढायला चिमटा लावावा लागला. दोन महिन्यांत कामावर गेली. "खाली काहीतरी लोंबल्यासारखं वाटतं गं," एकदा म्हणाली.

"बाळंतपणानंतर होतंच तसं," मी म्हणाले. ते वाक्य माझं नव्हतं. आईचं होतं, फक्त माझ्या तोंडून निघालं.

चार महिन्यांपूर्वी आंघोळ करताना तिच्या हाताला खाली अंड्याएवढा फुगवटा लागला. मग मला घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेली. तपासून बाई म्हणाल्या, "पिशवी खाली आलीय. घाबरू नका, उपाय बरेच आहेत." कागदावर आकृती काढायला घेतली, तेवढ्यात नर्स बोलवायला आली, आत कोणी बाळंतीण अडली होती. "पुढच्या आठवड्यात या, नीट बोलू," म्हणून बाई उठल्या. अर्धवट कागद मी पर्समध्ये टाकला.

जिन्यात भिंगरीने विचारलं, "पिशवी म्हणजे?"

"पिशवी म्हणजे पिशवी. आजीची काढली होती ना."

"माझीही काढणार?"

"मग काय, शिवणार?"

घरी पोचेपर्यंत मी तिला आजीचं सगळं सांगितलं. पिशवी काढूनही आठ वर्षांनी अंग पुन्हा बाहेर आलं, लाजेने कोणाला बोलली नाही, फडकं घट्ट बांधून भिंतीला धरून चालायची. तिखटमीठ लावलं नाही, पण वगळलंही काही नाही.

भिंगरी पुढच्या आठवड्यात गेली नाही. नंतरही नाही. "रजा मिळत नाही गं." महिन्याभराने तिच्याकडे गेले तर पलंगामागचा कोपरा मोकळा होता. दुसऱ्या मुलासाठी तिथे पाळणा प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवला होता तिने.

"कामावरच्या एकीला दिला. तिला सातवा लागलाय."

"अगं, विचारायचंस तरी."

"कोणाला? पिशवीला?" ती हसली. जावई चहा गाळत होते, त्यांनी मान वर केली नाही.

तेव्हापासून भर दुपारी, घरात कोणी नसताना, मला भिंतीला तळवा घासत चालल्याचा आवाज येतो. कोणी नाही हे ठाऊक आहे. तरी मी उठून बघत नाही.

आज राहवलं नाही. एकटीच बाईंकडे गेले, कागद पुढे ठेवला. "पिशवी काढायलाच हवी का हो?"

"कुठली पिशवी?" बाईंनी चष्मा लावला. "अहो, मी लघवीच्या पिशवीचं म्हणत होते. ती काढून कसं चालेल?"

मला हसू आलं नाही. बाईंनीच मग सांगितलं. लघवीची पिशवी योनीच्या समोरच्या भिंतीवर झुकली असेल, तर पोट न फाडता खालूनच टाके घालून ती भिंत घट्ट करतात. गर्भाशय घसरलं असलं तरी ते राखून आतल्या बळकट बंधांना टाक्यांनी बांधता येतं, किंवा जाळीच्या पट्टीने माकडहाडाच्या वरच्या हाडाला. गर्भाशय काढणं हा एक मार्ग, एकुलता एक नव्हे. आणि काढलं तरी योनीचं उरलेलं वरचं टोक नीट बांधावं लागतं, नाहीतर तेच खाली येतं.

"आईचं तसंच झालं असेल?"

"असेल. पण कुठल्याही ऑपरेशननंतर पुन्हा खाली येऊ शकतं, खोटी हमी मी देत नाही."

"आणि एखादीला अजून मूल हवं असेल तर?"

"तर बहुतेक वेळा ऑपरेशन मूल झाल्यावर. तोवर आधाराला आत रिंग बसवतो, व्यायाम शिकवतो, जड उचलणं बंद." बाईंनी कागद माझ्याकडे सरकवला. "पण तिच्या शरीराचं बोलणं मी तिच्याशी करणार. तिला का नाही आणलंत?"

मी कागदाची घडी करून पर्समध्ये टाकली.

घरी आल्यापासून पळवाटा शोधतेय. जावयांकरवी निरोप द्यावा. किंवा नुसतं म्हणावं, बाईंनी बोलावलंय, तू जा. दोन्हींत माझी चूक झाकली जाते आणि भिंगरी तर निरोपाला बधणारी नाही. ती घाबरून बसलीय ते माझ्या शब्दाने, उठेल तर माझ्याच शब्दाने. त्यानंतर ती माझ्याशी बोलेनाशी होईल कदाचित. होऊ दे.

पहिल्या पाळीला ती पहाटे साडेपाचला निघते. उद्या पाचला फोन करणार आहे. जावयांनी उचलला तर म्हणेन, तिला द्या. आणि कशी आहेस वगैरे काही न विचारता आधी एवढंच सांगेन, की मी तुला चुकीचं सांगितलं.