मोज्यातला धागा

अक्षर गचाळ आहे, काना-मात्रा चुकतील, त्याची आधीच माफी मागते. चौथीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. लेकीच्या, सनाच्या, जुन्या वहीच्या मागच्या पानांवर हे लिहिते आहे. कुणी वाचावं म्हणून नाही. तोंडाने बोलायला मला वेळेवर जमलं नाही, म्हणून.

नासिरला जाऊन चाळीस दिवस झाले, चाळिसावं परवा झालं. बातमी आली तेव्हा मी तांदळाच्या भाकऱ्या करत होते. सनाचे अब्बा फोन हातात घेऊन दारात आले आणि म्हणाले, "नासिर गेला... छातीत दुखलं, दापोलीला नेईपर्यंत..." तव्यावर भाकरी जळत होती. धाकटा दीर गेला, आणि मला आधी आठवला तो शिवणाच्या डब्यातला पायमोजा.

नासिर इथे मदिनेत एका हॉटेलच्या धुलाईत कामाला होता. जुम्याची नमाज झाली की आमच्याकडे जेवायला यायचा. हात धुतले की म्हणायचा, "भाभी, दहाची नोट दे गो. उडाली तर भरून देईन." मग एसी बंद करायला लावायचा, खिडकीकडे पाठ करून बसायचा. नोट चुरगळून तळव्यावर ठेवायचा, आणि ती हळूहळू वर उठायची, दोन्ही हातांच्या मध्ये नुसती हवेत थांबायची. सना ओरडायची, "चाचू, फिर से!" शेवटी नोट माझ्या हातात. "मोजून घे. एकच आहे, पण मोजून घे."

हा खेळ त्याला धुलाईतल्या एका फिलिपिनो सोबत्याने शिकवला होता. त्यातली गोम मला एकटीलाच माहीत. हॉटेलात कुणा पाहुणीचा राहून गेलेला नायलॉनचा पायमोजा होता, त्यातून केसाहून बारीक धागा ओढायचा. एक टोक शर्टाच्या बटणाला, दुसरं मेणाच्या कणाने नोटेला. धुलाईच्या औषधांनी नासिरची बोटं खरबरीत झालेली, धागा तुटायचा. म्हणून धागा मी ओढायचे. "कुणाला सांगितलंस तर मजा खलास," म्हणून त्याने माझ्याकडून वचन घेतलं होतं.

ते मी पाळलं. चूक दुसरीच केली. वरच्या मजल्यावरची घरमालकीण माझ्याकडे कपडे शिवायला टाकायची. एकदा तिने विचारलं, शुक्रवारी तुमच्याकडे एवढं हसणं कसलं? मला बाजारापुरती अरबी येते. मी सनाला जादूचा शब्द विचारला. ती अभ्यासातून मान वर न करता म्हणाली, "सिहर बोलते हैं, अम्मी." मी कौतुकाने सांगितलं, माझा दीर सिहर करतो, फार छान करतो. आमच्याकडे उरुसात जादूवाला येतो, लोक पोरांना खांद्यावर घेऊन बघतात. इथे तो शब्द करणी करणाऱ्याचा आहे, मोठ्या गुन्ह्याचा आहे. मी शिवलेले कपडे तिने तसेच टाकले आणि निघून गेली.

आठवड्याने घरमालक आणि धुलाईचा मुकादम आमच्या बैठकीत येऊन बसले. नासिरला मधे बसवलं. मी पडद्याआड चहाचा ट्रे धरून. तो परत परत म्हणत होता, "हाथ की सफाई है, साहब." मुकादम म्हणाला, "तो दिखाओ." मग त्याने हाक मारली, "भाभी, दहाची नोट दे गो." आणि पडद्याकडे बघत राहिला. तो काय मागतोय ते मला कळलं होतं. मोजा डब्यात होता. पण परक्या पुरुषांसमोर जायचं, बोलायचं... आणि बोलले असते तर तो शब्द माझा, हेही निघालं असतं. मी सनाच्या हातून नोट पाठवली. नुसती नोट.

ती उठली नाही. मुकादम हसला, "आज जिन छुट्टी पर है क्या?" नासिरने मोज्याचं नाव काढलं नाही. माझं नाव त्यात आलं असतं.

पोलिसात दिलं नाही, एवढीच मेहेरबानी. नोकरी गेली, खुरूजचा, म्हणजे देश सोडायचा शिक्का मारून कायमचं गावाला पाठवलं. निघताना माझ्याकडे न बघता म्हणाला, "भाभी, तुझी नोट माझ्याकडे राहिली हां." मी म्हटलं, "राहू दे." "कशी राहू दे? उधारीची आहे." गावी त्याला धड काम मिळालं नाही. फोनवर मी कधी त्याला खरं सांगितलं नाही. त्यानेही कधी विचारलं नाही.

काल गावचे एकजण उमऱ्याच्या यात्रेला आले. नणंदेने कोकमं पाठवली होती, त्यात एक पाकीट. आत तीच दहाची नोट, चुरगळलेली, कोपऱ्यात त्याने चिकटवलेला मेणाचा कण. वर नासिरच्या अक्षरात: भाभीची.

आज सकाळी मी मोजा आणि ती नोट घेऊन वर गेले. मालकिणीसमोर धागा ओढला, मेणाला लावला. नोट दोन बोटं वर उठली. मी म्हटलं, "खैत." म्हणजे धागा. "सिहर नाही. शब्द माझा चुकला." तिने धागा चिमटीत धरला, उजेडाकडे नेला, बराच वेळ बघितला. मग म्हणाली, "मिस्कीन..." म्हणजे बिचारा, आणि डोळ्यांना ओढणी लावली.

खाली येऊन नोट शिवणाच्या डब्यात ठेवली, मोज्याशेजारी. ठेवण्याआधी मोजून घेतली. एकच आहे, पण मोजून घेतली. दहाच्या दहा रियाल मिळाले, नासिर.