मुतलक आणि पाहुणीची कॉफी

वादी रमच्या वाळवंटात मुतलक नावाचे एक वृद्ध बेदुईन राहत असत. प्रवासी त्यांच्या काळ्या तंबूत आले, की ते स्वतः बिया भाजून व कुटून कडू कॉफी करीत. कॉफीत साखर घालणे त्यांना पाप वाटे. पाहुण्याने पेला न पिता समोर ठेवला, तर त्याला काही मागायचे आहे, असे समजण्याचा त्यांच्या टोळीचा रिवाज होता. यजमानाने मागणी मान्य केली, की मगच पाहुणा कॉफी पिई.

एकदा परदेशातून आलेल्या एका वयस्कर बाईंनी पहिला पेला कसाबसा संपवला आणि दुसरा तसाच समोर ठेवला. मुतलक यांच्या काळजात धस्स झाले. या बाई सकाळपासून त्यांच्या लाडक्या, अल्या नावाच्या उंटिणीच्या मानेवरून हात फिरवीत होत्या.

"अहो सालेमचे बाबा, गेली बरं का तुमची लाडकी! माझी सवत टळली," पडद्याआडून पत्नी हमदा हसली.

"गप गं! पाहुणीपुढे अब्रू घालवशील."

मुतलक यांनी उंटिणीकडे एकवार डोळे भरून पाहिले. मग छातीवर हात ठेवून ते म्हणाले, "बाई, कॉफी घ्या. जे मागाल ते दिलं."

बाईंना घेऊन आलेल्या गाडीचा चालक नायफ याने ते त्यांना त्यांच्या भाषेत समजावले. त्या संकोचून काहीतरी पुटपुटल्या. नायफला हसू आवरेना.

"काका, कॉफी फार कडू लागते म्हणतायत. चमचाभर साखर हवीय."

"अगं हमदा, डबाच आण!" मुतलक ओरडले. आणि आयुष्यात प्रथमच त्यांनी स्वतःच्या हाताने कॉफीत साखर घालून ढवळली.