हिरव्या भिंतीपुढचा चुडा

माझी मुलगी इंद्रायणी मुंबईच्या एका वृत्तवाहिनीवर हवामान सांगते. पूर्वी सांगताना दिसायची, आता दिसत नाही. एवढंच झालं आहे. आमच्या पिंपळवंडीत कोणी विचारलं की मला ते नीट सांगता येत नाही, म्हणून लिहून काढते.

ती भूगोलाची पदवीधर. आळेफाट्यावरून एसटीने कॉलेजला जायची. मग गावाकडच्या केबलवर बाजारभाव वाचायला लागली. टोमॅटो, कांदा, कोथिंबीर. आवाज स्वच्छ, म्हणून कोणीतरी मुंबईला तिचं नाव सुचवलं. हवामान सांगणाऱ्याच्या मागे नकाशा नसतोच, हे तिला तिथे गेल्यावर कळलं. नुसती हिरवी भिंत असते. कॉम्प्युटर हिरवा रंग काढून टाकतो आणि त्या जागी नकाशा भरतो. आपण समोरच्या छोट्या टीव्हीत बघत रिकाम्या भिंतीवर बोट ठेवायचं. सुट्टीत आली की आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीपुढे सराव करायची. "आई, फ्रिजच्या वर नाशिक, मिसळणाच्या डब्यापाशी रत्नागिरी." मी भाकरी थापत असायचे.

शेजारचे सावळेरामभाऊ मला रस्त्यात अडवायचे. "वैनी, तुमच्या पोरीनं पाऊस सांगितला अन् माझ्या वावरात थेंब न्हाई. तिला म्हणा, बोट जरा पिंपळवंडीकडं सरकव."

"बोटानं पाऊस पडतो का भाऊ?"

"मंग पगार कशाचा घेती?"

मी हे तिला सांगितलं. तेव्हापासून पुणे जिल्हा आला की तिचं बोट वरच्या टोकाला, आमच्या जुन्नर-आंबेगावावर, किंचित थांबायचं. बाकी कोणाच्या लक्षात येत नसे. तिचे वडील आणि मी तेवढ्यासाठीच बघायचो.

वैशाखात तिचं लग्न झालं. मुलगा निमगाव सावाचा, आदेश, मुंबईतच नोकरीला. दोन्ही हातांत भरगच्च हिरवा चुडा. त्यांच्या घरात खंडोबाचं जागरण झाल्याशिवाय नवरीचा चुडा उतरवत नाहीत. जागरण लग्नानंतर लगेच ठरलं होतं, पण भावकीतले एक आजोबा गेले. सुतक आलं, मग पावसाळा तोंडावर आला, आणि जागरण दिवाळीपलीकडे गेलं. चुडा हिरवा, भिंतही हिरवी.

आम्ही तिच्या सासूशी, ठकूबाईंशी, बोलायला निमगावला गेलो. त्या वाईट नाहीत.

"आये, स्टुडिओत हिरवं चालत नाय," आदेश म्हणाला.

"मंग लांब बाह्या घाल म्हणावं. आमी काय उघड्या हातानं फिर म्हनतो?" मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "विहीणबाई, मी तिचं वाईट चिंतीन का? पन देवाचं हाय. उद्या आदेशला काय झालं तर?"

आम्ही चहा घेऊन परत निघालो.

हात वर केला की बाह्या सरकायच्या. म्हणून इंद्रायणीने मुरगळलेल्या हाताला बांधतात ती अंगाच्या रंगाची पट्टी दोन्ही चुड्यांवर गुंडाळली. बाई पडल्या का, असं बघणारे विचारू लागले. जून आला, काम वाढलं. एका संध्याकाळी कोकणात फार पाऊस होता आणि तिला एकसारखं उभं राहून बोलायचं होतं. बोलता बोलता एका हाताची पट्टी सुटली. मी बघत होते. तिचं मनगट नाहीसं झालं. पंजा वेगळा, हात वेगळा, आणि मधून ढग चालले होते. समोरच्या टीव्हीत तिलाही दिसलं असणार. ती बोलत राहिली. रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग. मग तो सुटा पंजा पुणे जिल्ह्यावर आला आणि बोट वरच्या टोकाला थांबलं.

तेवढा तुकडा मोबाइलवर सगळीकडे फिरला. सावळेरामभाऊ मला दाखवून हसले, मग माझ्या तोंडाकडे बघून त्यांनी मोबाइल खिशात घातला. ठकूबाईंचा फोन आला. "चुड्याच्या जागी नुसतं ढग. लई वंगाळ दिसलं, विहीणबाई."

ऑफिसने सांगितलं, चुडा काढ, नाहीतर फक्त आवाज दे. पडद्यावर नकाशा राहील.

"काढून ठेव," मी फोनवर म्हणाले. "ठकूबाईंचं मी बघते."

"नको आई."

"तू कधीपासून मानायला लागलीस?"

ती म्हणाली, "आदेश रोज बाइकने जातो गं. दिवाळीपर्यंतच तर आहे."

मग मीही ठकूबाईंना फोन केला नाही.

दिवाळीनंतर निमगावला जागरण झालं, आम्हीही गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळी ठकूबाईंनी स्वतः साबण लावून एकेक बांगडी उतरवली. एकही वाढवू दिली नाही. "जा बाई आता. उभी ऱ्हा तुज्या भिंतीपुढं."

इंद्रायणीने अंगणातूनच ऑफिसला फोन लावला. परत आली तेव्हा मोकळं मनगट चोळत होती.

"संध्याकाळी आता नवीन मुलगी असते. लोकांना आवडते. म्हणाले, तुझा आवाजच चांगला आहे."

"मंग तू कवा दिसायची?" ठकूबाईंनी विचारलं.

"आता दिसणार नाही, आई," ती त्यांना म्हणाली. "ऐकायचं फक्त."

ठकूबाई बांगड्यांचं ताट मांडीवर घेऊन बसून राहिल्या. कोणीतरी पानं वाढली. आम्ही जेवलो.

सकाळच्या बातम्यांत तिचा आवाज असतो. नकाशावर पुणे जिल्हा येतो, त्याचं वरचं टोक दिसतं आणि जातं. मी टीव्हीचा आवाज थोडा मोठा करते आणि चहा ठेवते.