गाऱ्हाण्यात परंतु नसतो

अर्जदार : मी स्वतः, वय पंचावन्न, राहणार घाटकोपर पूर्व, व्यवसाय अर्जलेखन. गैरअर्जदार : माझी पत्नी, हल्ली मुक्काम भावाकडे, मुलुंड. साक्षीदार : सदर भाऊ, जो दाराबाहेर बसला होता; आणि समुपदेशिका, जी वयाने माझ्या मुलीएवढी असावी. दिनांक : दिवाळीनंतरचा एक शनिवार.

वस्तुस्थिती अशी. गणपती विसर्जनानंतर पत्नी घर सोडून गेली. दोघांनी मिळून समुपदेशनास यावे, परतण्याचे मग पाहू, अशी तिने अट घातली. माझे शिक्षण नववीत थांबले असले तरी माझ्या हातचा अर्ज कचेरीतून सहसा त्रुटीपोटी परत येत नाही. सबब मी माझे म्हणणे पाच पानांत लिहून सोबत नेले.

समुपदेशिकेने ती पाने टेबलावर पालथी ठेवली.

"हे नंतर, काका. आधी चपला काढा. दोन्ही पाय जमिनीवर टेकवा. जबडा आवळलाय का?"

"जबडा जागेवर आहे," मी निवेदन केले.

"बघितलंत? घरी हे असंच," पत्नी म्हणाली. ती खुर्चीच्या कडेवर बसली होती. "ह्यांची किल्ली दारात फिरली ना, की माझे खांदे कानाला लागतात."

"नाकबूल. पुरावा काय?"

समुपदेशिकेने मला गाव विचारले. मालवणकडचे, असे मी सांगितले.

"देवळात गाऱ्हाणं घालतात, तेव्हा बाकीचे काय म्हणतात?"

"व्हय म्हाराजा."

"कोणी पुरावा मागतं?"

मी लहानपणापासून त्या घोळक्यात उभा राहिलो आहे. तेथे पुरावा कोणी मागत नाही, हे मला नमूद करावे लागले.

"मग आज ह्या गाऱ्हाणं घालतील. तुम्ही श्वास सोडायचा आणि तेवढंच म्हणायचं."

पत्नी माझ्याकडे न पाहता बोलू लागली. "आई आजारी होती. गावी जाते म्हटलं, तर म्हणालात, कारणांसह लिहून दे."

"व्हय म्हाराजा, परंतु—"

"गाऱ्हाण्यात परंतु नसतो, काका."

"मी लिहीत बसले. तिकडे आई गेली."

माझा हात खिशातील पेनाकडे गेला. समुपदेशिकेने तो गुडघ्यावर उघडा ठेवावयास सांगितला. तळवा घामाने ओला होता. जबडा, पाहता, खरोखरच आवळलेला होता. मी श्वास सोडला आणि ते दोन शब्द उच्चारले.

"ऐकू नाही आलं," पत्नी म्हणाली.

माझा आवाज एरवी कचेरीच्या फाटकापर्यंत जातो. मी पुन्हा उच्चारले. ती खुर्चीला पाठ टेकून बसली. त्या तासाभरात प्रथमच.

खाली उतरल्यावर मेहुण्याने विचारले, "काय ठरलं, भावोजी?"

मी त्याला उत्तर न देता पत्नीला विचारले, "येतेस?"

"सांगते," ती म्हणाली, आणि भावासोबत रिक्षात बसली. पाच पाने वर टेबलावरच राहिली. ती मी अद्याप आणलेली नाहीत.

सबब विनंती की, गैरअर्जदाराने — हा शब्द मी येथे मागे घेतो — माझ्या पत्नीने, घरी परतण्याबाबत आपल्या सवडीने उत्तर द्यावे. उत्तर तोंडी चालेल. ते नकारार्थी असले तरी त्यावर कारणे मागितली जाणार नाहीत.