दामूकाकांच्या परसातला दगडांचा बाजार

सलग सहा दिवस शिफ्ट केल्यावर मंगळवारी सुटी मिळाली, तेव्हा खरं तर झोपायला हवं होतं. डोलवीच्या बाजूला एका कंपनीत मी ठेकेदाराकडे कामाला आहे. सुटीच्या दिवशी अंग इतकं जड असतं की बादली भरायचाही कंटाळा येतो. पण आमच्या शिफ्टमधला महेश दोन महिने मागे लागला होता. "रोह्याकडं आमच्या दामूकाकांनी परसात दगडांचं काय करून ठेवलंय, एकदा बघून ये. म्हातारा पंचाहत्तरीला आला. नंतर म्हणशील, राहिलं."

हे 'राहिलं' मला फार लागतं. माझ्या राहिलेल्या गोष्टींत बारावीसुद्धा आहे. म्हणून निघालो.

पेणहून रोह्याला रेल्वेने आरामात जाता येतं, पण गाड्या मोजक्या. चुकली की फलाटावर बसून राहा. मला चुकण्याची धास्ती असते, म्हणून एसटी. वेळ एका कंडक्टरला विचारली, खात्रीसाठी चौकशीच्या खिडकीवरही विचारली. दोघांनी वेगवेगळी सांगितली आणि बस तिसऱ्याच वेळेला आली. सकाळी जाणार असाल तर डावीकडची खिडकी घेऊ नका, ऊन सरळ तोंडावर येतं. मी घेतली होती. वडखळपर्यंत धूळ, पुढे रस्ता कुठे नवा तर कुठे अर्धवट. नागोठण्याच्या स्टँडवर गाडी थोडी थांबते. वडापाव गरम होता, चहा म्हणजे गोड पाणी. भाडं शंभराच्या आत, वेळ दीड तास, आणि त्यातला तासभर माझं डोकं समोरच्या सीटच्या दांडीवर आपटत होतं.

रोह्याला स्टँडबाहेर मिनीडोर, म्हणजे मोठी रिक्षा, मिळते. माणसं भरेपर्यंत ती हलत नाही, तेव्हा घाई असेल तर घाई सोडून द्या. गावाचं नाव इथे लिहीत नाही. कुंडलिकेच्या काठी आहे, एवढं पुरे.

दामूकाका ओट्यावर बसले होते. सुकलेला माणूस, पण मनगटं अजून जाड. चाळीस वर्षं त्यांनी पेणला गणपतीच्या कारखान्यात आखणी केली. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे रेखणं. ते काम सगळ्यात शेवटी होतं आणि कारखान्यातला एखाद-दुसराच हात ते करतो.

"डोळे दिले की देव. त्याच्या आदी नुसती माती, तिच्यावर बसून आम्ही बिडी ओढायचो," काका म्हणाले.

"खोटं सांगताव," आतून काकू म्हणाल्या. "बिडी बाहेर जाऊन ओढायचे."

घराच्या मागे चार-पाच गुंठ्यांचं परसू आहे. तिथे गेलो आणि पाय थांबले. समोर आठवड्याचा बाजार भरला होता, आणि तो सगळा दगडांचा होता. नदीतले काळे गोटे, कुणाला पांढरी शीर, कुणाला खळगा. कुठेही छिन्नी नाही, रंग नाही, सिमेंट नाही. दगडावर दगड फक्त तोलून ठेवलेले. तरी घासाघीस करणारी बाई ओळखू येत होती, मान वळवलेली म्हैस होती, आणि पिशवी धरून बायकोच्या मागे कंटाळून उभा असलेला नवरा तर अगदीच ओळखीचा वाटला. एकाही दगडाला डोळे काढलेले नव्हते. काका दरवर्षी दिवाळीनंतर सगळं मोडतात आणि तेच दगड घेऊन नवीन मांडतात. गेल्या वर्षी लग्नाची पंगत होती. तेव्हा ही म्हैस आचारी होती म्हणे.

काकूंनी जेवायला हाक मारली म्हणून काका हात धुवायला गेले. मी तिथेच रेंगाळलो. बाजाराच्या मधोमध एक गुडघाभर उंचीचा दगड बसलेला होता. मोठं पोट आणि पुढे एका बाजूला वळलेला फुगवटा. कुंपणालगत जास्वंद होती, तिचं एक ताजं लाल फूल खाली पडलेलं. मी ते उचललं, त्या दगडावर ठेवलं आणि हात जोडले. काही मनात ठरवून केलं नाही. लहानपणापासून पेणला वाढलेला माणूस आहे, सोंड दिसली की हात आपोआप जोडले जातात. शिवाय कंपनीच्या गेटचा माझा पास पुढच्या महिन्यात संपतोय, ठेकेदार नवा काढेल की नाही, तेही डोक्यात असेल.

मागे वळलो तर काका-काकू दोघंही दारात उभी होती.

"ह्ये काय केलंस?" काका हळूच म्हणाले. "अरे, ती सुकट विकणारी बाय हाय. मांडीवर टोपली हाय तिच्या."

मी फूल उचलायला वाकलो.

"हात नको लावू," काकू म्हणाल्या. "वाहिलेलं फूल हाय. सुकटवाली असंल नायतर कोण. तू देव केलास, आता देवासारखंच वागवायला लागल."

मला वाटलं, काका हसण्यावारी नेतील. त्यांनी मला परसाच्या कोपऱ्यात नेलं. तिथे पत्र्याच्या छपराखाली शेंदूर फासलेला एक दगड होता. घंटा होती, कुलूप लावलेली पेटी होती.

"ह्यो माझा बैल होता. मी पावण्यांकडं गेलेलो, तवा कुणीतरी आसंच एक फूल ठेवलं. परत आलो तंवर आळीनं वर्गणी काढलेली. देव झालेला दगड हलवता येत नाय बाळा. आनि माझा सगळा खेळ हलवायचाच हाय. आज संध्याकाळी आळीतल्या बायका हितं दिवा लावाया येतील. त्यांनी तुझं फूल बघितलं की बाजार बंद. मग माझ्याच परसात चप्पल काढून फिरायचं मी."

"मग आता?"

"आता काय. देव झाला तर विसर्जन करायचं. जेव आदी."

तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं होतं. मी दोन घास खाल्ले. काकूंनी आणखी एक भाकरी ताटात टाकली आणि म्हणाल्या, "खा रे. उचलायचा तुलाच हाय."

कारखान्यात मूर्ती सरकवायला बेअरिंग लावलेला पाट असतो, तसा काकांकडे आहे. त्यावर दोघांनी दगड चढवला. काकूंनी हळद-कुंकू लावलं. नदी दहा मिनिटांवर, पण पाट ओढत आम्हाला तास लागला. सहा शिफ्टनी पाठीचं जे उरलं होतं ते त्या वाटेवर गेलं. काका एका हाताने दगड सावरत होते. मी तीनदा माफी मागितली.

"गप रं," ते शेवटी म्हणाले. "तीस वर्षांमागं हितूनच आणलेली. माहेरी चाललीय समज."

गुडघाभर पाण्यात दगड सोडला. फूल वाहत गेलं, कुंकू विरघळलं, आणि खाली पुन्हा एक काळा गोटा होता. मी विचारलं, आता परत नेता येईल का.

"दोन पावसाळे जाऊ देत. लोक इसरतील, ती पन इसरंल. तवा तू ये उचलाया. माझ्यानं व्हायचं नाय."

विसर्जनाचा पाट रिकामा घरी न्यायचा नसतो. काकांनी वाकून मुठीएवढा एक गोटा उचलला आणि पाटावर ठेवला. घरी आल्यावर तो बाजारात त्या रिकाम्या जागी मांडला.

काकूंनी विचारलं, "ही सुकटवाली काय?"

"नाय गो. तिची पोर. आय पाणी प्यायला गेलीय, तंवर बसलीय राखण करत."

परतीची एसटी उभ्याने मिळाली. पेणला खोलीवर पोचलो, पाठीला बाम चोळला आणि फोटो बघत पडलो. चव्वेचाळीस फोटो होते. त्यातला एक त्या दगडाचा, फूल ठेवण्याच्या आधीचा. तो मी मोठा करून पाहिला, फोन आडवा-उभा धरून पाहिला. मांडीवर टोपली घेऊन बसलेली बाई स्पष्ट दिसते. थकलीय, आणि गिऱ्हाइकाकडे बघतसुद्धा नाही. मला दिसलेला तो फुगवटा म्हणजे टोपलीवर ठेवलेला तिचा हात आहे.

बाकीचे फोटो खाली दिले आहेत. हा देत नाही. दिला, तर तुमच्यापैकी कुणाला तरी त्यात सोंड दिसेल.