बोटाला न जाणवणारा थर

टिण्, टिण्. कॉलेजात एनसीसीच्या चांदमारीला रिकाम्या पुंगळ्या फरशीवर पडायच्या, तो आवाज आज इथे परदेशात, मुलाच्या फेल्डहोवन गावात पुन्हा ऐकला, मंडळी.

शेजारचा यान माझ्याच वयाचा, नेमबाजीच्या क्लबचा सभासद. परवाना आहे, त्यामुळे वापरलेली काडतुसं घरीच पुन्हा भरतो. आधी पितळी पुंगळी पोलादी साच्यात दाबून मूळ आकारात आणायची. ती अडकू नये म्हणून मेंढीच्या लोकरीतलं मेण बोटांनी चोळायचं.

"जास्त लागलं तर पुंगळीला खळगा पडतो, कमी लागलं तर ती अडकते," यान म्हणाला.

मेणाचा तो थर मला दिसेना, बोटाला जाणवेना. पितळ मात्र पोलादातून लोण्यासारखं सुटत होतं. मी बघतच राहिलो. शाळेत पाठ केलेल्या एकाही कवितेत यासाठी शब्द सापडेना.

यान कॉफी आणायला आत गेला. दुसऱ्याच्या घरी हात बांधून बसणं आपल्याला जमत नाही. त्याने मेण चोळून ठेवलेल्या उरलेल्या पाच पुंगळ्या मी रुमालाने लख्ख पुसून ठेवल्या.

यानने परत येऊन दाबलेली पहिलीच साच्यात रुतली. मी पुसल्याचं कबूल केलं. यान मान खाली घालून ती उपसत राहिला, आणि मी घरी आलो.

मुलगा-सून दिवसभर ऑफिसात असतात. बोलायला यानच एक आहे. माणसांमधला असा थर आपण पुसून टाकला, तर परत लावता येतो का हो?

हे लिहितोय तोच बेल वाजली. इथे वेळ ठरवल्याशिवाय कुणी कुणाकडे जात नाही. दारात यान, हातात मेणाची डबी.

"अडकलेली निघाली. राहिलेल्या चारांना तू लाव."