केतकीचा पहिला पर्याय: नाशिकच्या दोन कॉलेजांत एक दिवस

या ब्लॉगवर तुम्ही माझ्यासोबत बागलाणातले किल्ले चढलात, माझ्या फुटलेल्या गुडघ्याचे फोटोही सहन केलेत. या वेळचा प्रवास फक्त लासलगाव ते नाशिक. लेक केतकी बारावी झाली, फार्मसीला जायचं म्हणते. कॉलेजांचे पर्याय क्रमाने भरायचा ऑनलाइन फॉर्म शनिवारी संध्याकाळी बंद होणार होता. रोज रेल्वेने जाऊन-येऊन करता येईल तेच कॉलेज पहिलं टाकायचं, असं माझं म्हणणं. ती म्हणाली, "पप्पा, आधी बघू तर द्या." एकुलती एक लेक आहे. ती संध्याकाळी घरी यावी, एवढाच माझा हट्ट होता.

म्हणून गुरुवारी कांद्याच्या लिलावाला दांडी मारली आणि सकाळची गाडी पकडली. तासाभरात नाशिक रोड. घरून नाश्ता करून निघू नका, स्टेशनबाहेर गरम पाववडा मिळतो. मी दोन हाणले. केतकीला अर्धाही जाईना.

पहिलं कॉलेज स्टेशनपासून रिक्षाने पंधरा मिनिटांवर. आत शिरलो तर समोर कारंजं, काचेचा दरवाजा, आणि हसतमुख मॅडमनी थंड पाण्याची बाटली हातात दिली. मी तिथेच विरघळलो. त्यांनी सभागृह दाखवलं, जिम दाखवली, एसी वर्ग दाखवला.

"मॅडम, लॅब बघता येईल का?" केतकीने विचारलं.

"चावी सरांकडे आहे, सर बाहेर गेलेत. सभागृह आवडलं ना तुला?"

केतकी गप्प झाली. पाहुण्यांसमोरही तिच्या तोंडून शब्द फुटत नाही, त्यामुळे मला त्यात विशेष वाटलं नाही. मला कॉलेज पसंत होतं. स्टेशन जवळ, गाडी सोयीची. लॅब काय, आज नाही तर उद्या उघडेल!

दुसरं कॉलेज दिंडोरी रोडला, म्हसरूळच्याही पुढे. सिटी बसने निमाणी स्टँड, तिथून दुसरी बस. सुट्टे पैसे जवळ ठेवा, नाहीतर कंडक्टरचं भाषण ऐकावं लागतं. बस थांबत थांबत गेली आणि आम्हाला उन्हात उतरवून निघून गेली. समोर गंजलेलं गेट, पाटीवरची निम्मी अक्षरं उडालेली, कुंपणाशी दोन शेळ्या.

"हे कॉलेज हाय का गोडाऊन? चल माघारी, चारची गाडी सापडेल," असं म्हणून मी रिक्षाला हातसुद्धा केला.

केतकी जागची हलली नाही. "पप्पा, तुम्ही कधी वरचा कांदा बघून बोली लावलीय?"

वीस वर्षं मी लासलगावला कांदा खरेदी करतो. ट्रॉलीतला वरचा थर कायम देखणाच असतो. मी मागचा फाळका उघडायला लावतो, खालचा कांदा काढून दाबून बघतो, मगच तोंड उघडतो. बाजारात त्यासाठी माझं नाव आहे. आणि इथे एक कॉलेज कारंजं बघून पसंत केलं, दुसरं गेट बघून नापसंत! पोरीने बरोबर धरलं मला. रिक्षावाल्याला हात जोडले आणि आत गेलो.

लॅबचं दार सताड उघडं होतं. सात-आठ मुलं डाग पडलेले अ‍ॅप्रन घालून कामात गढलेली. तिसऱ्या वर्षाची वनिता नावाची मुलगी, सुरगाण्याकडची, स्वतःहून पुढे आली.

"आधीच सांगते, मेसची भाजी पातळ हाय. होस्टेलचं नेट पण जातं. पण लॅबमधून कोणी हाकलत नाय."

"चुकलं तर सर ओरडतात?" केतकीने विचारलं.

"लय ओरडतात. मग परत करायला लावतात, जमेपर्यंत."

वनिताने तिला गोळ्या पाडायचं हाताने फिरवायचं यंत्र दाखवलं. केतकीची पहिली गोळी भुगा झाली, दुसरीचा कोपरा उडाला, तिसरी अख्खी निघाली. मग तिने विचारायला जी सुरुवात केली, ती थांबेचना. ही माझीच लेक का, असं वाटून मी दारातच उभा राहिलो. फार आनंद झाला मला. आणि लगेच हिशोब कळला: दोन बस, मग रेल्वे, रोजचं जाणं-येणं अशक्य. इथे म्हणजे होस्टेलच.

मी मुकाट्याने होस्टेल बघायला गेलो. रेक्टरबाईंना पाणी, डॉक्टर, गेट बंद व्हायची वेळ, सगळं दोनदा विचारलं. त्यांनी दोन्ही वेळा न वैतागता सांगितलं.

परतीच्या गाडीत केतकीला भूक लागली. दोन भेळी एकटीने संपवल्या.

"होस्टेलला राहिलीस तर दर शनिवारी येशील ना?" मी विचारलं.

"एकाआड एक," ती म्हणाली. व्यापाऱ्याचीच पोर!

तुम्ही जाणार असाल तर कामाच्या दिवशी जा, लॅब उघडायला लावा आणि खरं काय ते शिकणाऱ्या पोरांनाच विचारा. कारंजं मला अजूनही आवडतं, खोटं कशाला बोलू. पण त्या दिवसातलं माझ्याजवळ राहिलंय ते केतकीचं बोलणं. सतरा वर्षं घरात राहून जे मी ऐकलं नव्हतं, ते एका परक्या लॅबच्या दारात ऐकलं.

शनिवारी दुपारी ती लॅपटॉप घेऊन बसली. पहिला पर्याय तिने टाकला, मी फक्त बघितलं. फॉर्म पक्का करायचा ओटीपी माझ्या मोबाइलवर आला.

"सांगा ना, पप्पा."

"किती वेळ चालतो हा?"

"दहा मिनिटं."

"मग चहा तर घेऊ दे."

बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, सांगून टाका पोरीला." केतकी माझ्या शेजारी येऊन बसली. मी चहा सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत प्यायलो. मग सहाही आकडे नीट वाचून दाखवले.